बाराव्या नळाचे पाणी

डोंगराच्या पोटाशी आंबेखोल नावाचे गाव होते. एका उन्हाळ्यात तिथे काविळीची साथ आली आणि तीन माणसे दगावली. दोष झऱ्याच्या पाण्यात निघाला. मग गावाने पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवले. एक पोलादी नळकांडे, त्याच्या आत दिवा. त्या दिव्याच्या अतिनील प्रकाशातून जाताना पाण्यातले रोगजंतू मरत.

यंत्राची जबाबदारी सुगंधा झोरे या बाईकडे आली. बसवणाऱ्या कारागिराने तिला बजावले, "ताई, उघड्या दिव्याकडे बघू नका, डोळ्यांना इजा होईल. झाकण घट्ट लावूनच वीज सुरू करा. दिवा पाच मिनिटं तापू द्या, मगच पाणी सोडा. आणि हा दिवा फक्त समोरून जाणारं पाणी शुद्ध करतो. पुढच्या जुन्या पाइपातली घाण त्याला दिसत नाही. ती आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा."

सुगंधाने पाइपांत ब्लीचिंगचे पाणी सोडले आणि ती कामाला लागली. एकेक नळ उघडायचा, ब्लीचिंगचा वास आला की बंद करायचा. असे अकरा नळ झाले. बारावा खालच्या वस्तीत, लांब उतारावर होता. तिचे पाय भरून आले होते. 'तिथवर आपोआप पोचेल,' असे म्हणून ती घरी गेली.

उद्घाटनाला सरपंच केरूआबांनी तालुक्याहून पाहुणे बोलावले होते. सुगंधाने झाकण लावले, कुठे गळत नाही ना ते पाहिले आणि वीज सुरू केली. आता पाच मिनिटे थांबायचे होते. यंत्राच्या खोलीच्या खिडकीतून तिला खालच्या वस्तीतल्या बायका दिसल्या. लेकरांना नवे कपडे घालून त्या आल्या होत्या. तिने व्हॉल्व्हवरचा हात काढला. तिने दिवा बंद केला आणि ती बाहेर आली.

"आबा, आज पाणी सोडता यायचं नाही."

"का? यंत्र बिघडलं?"

"यंत्र चांगलं आहे. मी चुकले. खालच्या वस्तीचा नळ मी धुतलाच नाही."

आबा दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे बसलेत. आज सोड, उद्या धू."

"आजवर लोक उकळून तरी पीत होते, आबा. आता शुद्ध समजून तसंच पितील."

पाहुणे निघून गेले. लोक तिला नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतार उतरून गेली. आबाही मागोमाग आले. नळ उघडताच काळे, कुबट पाणी आले. मग शेवाळाचे गोळे पडू लागले. कितीतरी वेळ ते थांबेनात.

"काल हे पोरांच्या पोटात गेलं असतं," आबा म्हणाले.

"माझ्यामुळं गेलं असतं," सुगंधा म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

तो पाइप ब्लीचिंगने भरला, दिवसभर तसाच ठेवला, मग स्वच्छ धुतला. चौथ्या दिवशी गावाला शुद्ध पाणी मिळाले. हार नव्हते, भाषणे नव्हती. कोणीतरी म्हणाले, "आबा, हे काम आता दुसऱ्या कुणाला द्या."

आबा म्हणाले, "भर गर्दीत स्वतःची चूक सांगणारा दुसरा माणूस दाखवा, त्याला देतो."

काम सुगंधाकडेच राहिले.

तात्पर्य: ज्या कामावर दुसऱ्यांचा जीव विसंबून असतो, त्यातली आपली कुचराई लपवू नये. ती वेळीच कबूल केली तर आपली मान थोडा वेळ खाली जाते, पण कुणाचा जीव जात नाही.