ठकूचं आवतण

फार वर्षांपूर्वी, कुसगव्हाणाच्या डोंगराला वाटही धड नव्हती तेव्हा, सगुणा नावाच्या एका औषध देणाऱ्या बाईची झोप उडाली होती. काळजी एकच: आपली ठकू प्रार्थना म्हणायला कधी शिकणार?

सगुणा वैद्याची लेक, पोथी घडाघडा वाचणारी. मुळी खणायची तर आदल्या दिवशी झाडापुढं तांदूळ ठेवायचे, प्रार्थनेच्या सात ओळी म्हणून त्याला आवतण द्यायचं, तरच मुळीला गुण येतो, असं ती गावाला बजावून सांगे. आणि घरात? आठ वर्षांची ठकू तिसऱ्याच ओळीला मुंग्यांच्या मागं पसार! ‘गावाला शिकवते, आणि पोटच्या पोरीला सात ओळी येईनात,’ सगुणा स्वतःलाच टोमणा मारी.

त्या वर्षी शेजारच्या हौसाक्काचं तान्हं तापानं फणफणलं. तापमुळी उगवायची थेट कड्यावर, आणि सगुणाचा पाय मुरगळलेला.

“आवतण द्यायला ठकूला धाड की,” हौसाक्का म्हणाली.

“वाटेत ओळी खाऊन टाकील ती, अक्का.”

“मग माझ्या बाळानं तुझ्या ओळींसाठी खोळंबायचं होय गं?”

सगुणानं ठकूच्या मुठीत तांदूळ दिले. पोर गेली, आणि आई उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत लंगडत राहिली. दिवेलागणीला ठकू परतली. गुडघे मातीनं माखलेले.

“म्हटल्यास ओळी?”

“पहिलीच आठवली. मग बसले नुसती झुडपाजवळ. वाऱ्यानं ते हलत होतं. मग म्हटलं, बाळाला ताप आलाय, आईचा पाय दुखतोय, उद्या तूच ये आमच्याकडं.”

“आणि तांदूळ?”

“अर्धे त्याला. अर्धे मुंग्यांना. त्या कधीच्या थांबल्या होत्या.”

सगुणानं कपाळावर हात मारला. फटफटताच आपणच कसंबसं चढायचं आणि सगळं रीतसर करायचं, असं ठरवून तिनं पहाटे दार उघडलं. अंगणात तापमुळीचं झुडूप उभं होतं. कड्यापासून अंगणापर्यंत मुंग्यांची एकच रांग लागली होती, असं म्हणतात. एक मुळी झुडपानं आपणहून मोकळी केली आणि दुपारपर्यंत बाळाचा ताप उतरला, असंही म्हणतात.

अजूनही कुसगव्हाणात मुलांना त्या सात ओळी कुणी घोकायला लावत नाही. वर्षातून एकदा ‘ठकूचं आवतण’ असतं. प्रत्येक मूल आपलं झाड निवडतं, त्याच्याजवळ बसतं, मनातलं सांगतं. आईबापांनी लांब उभं राहायचं, काय बोललास म्हणून विचारायचं नाही. आयांना हे भारी जड जातं.

त्या पहाटे सगुणालाही जड गेलं होतं. झुडपापुढं हात जोडून ती सात ओळी आठवू लागली, आणि तिला एकही आठवेना. तेवढ्यात ठकू डोळे चोळत बाहेर आली. तिनं झाडाकडं बघितलं, मग आईकडं.

“अगं, एवढं चालून पाहुणा आलाय,” ती म्हणाली, “आधी पाणी तरी दे.”