तांबडा छकडा, पिवळा छकडा

फार मागे, माळावर सशांची वस्ती होती तेव्हा, तिथे गाडे बनवणारे दोघे होते, सुतारपक्षी आणि साळिंदर. दोघांमधून विस्तव जात नसे. पण शर्यतीचा छकडा घडवण्याचा खर्च एकट्याला झेपेना, म्हणून डोंगरामागे त्यांनी गुपचूप एकत्र कारखाना काढला. एकाच बाभळीतून जुळे छकडे निघाले. तांबडा सुतारपक्ष्याच्या दारात विकला गेला, पिवळा साळिंदराच्या.

सशांत लगेच दोन तट पडले, ठरलेल्या सोयरिकी मोडल्या. दोन्ही दुकानांपुढे मात्र गर्दी मावेना.

शर्यतीच्या दिवशी पिवळ्याच्या चाकांना हळदकुंकू वाहून म्हातारा ससा म्हणाला, "त्या तांबड्याला आज मातीत घाल रे बाबा."

पिवळा धावला. तांबडा शेजारी आला, तसा त्याच्या आसाचा आवाज पिवळ्याने ओळखला. हुबेहूब आपलाच.

"अरे, हा तर माझा भाऊ!" तो ओरडला. पण छकड्याचं ऐकतो कोण? ओढणाऱ्या तरण्या सशांनी ईर्षेने धडक दिली. दोन्ही छकडे जागीच गेले.

संध्याकाळी, मोडून पडलेल्या पिवळ्याजवळ कारखान्याचे दोन्ही मालक आले. तांबड्याचं चाक त्याच्या आसावर चपखल बसलं.

"एक छकडा होईल यातून," साळिंदर म्हणाला. "रंग कोणता द्यायचा?"

सुतारपक्ष्याने वस्तीकडे कान दिला. "जिकडे रडणं जास्त, तिकडचा. उद्या तेच आधी येतील."