निळ्या तळ्यातली घंटा

एका राज्यात तांब्याची एक घंटा होती. ती वाजली की राजा जागा व्हायचा, आणि राजा जागा झाला की राज्य. एका रुसलेल्या मांत्रिकाने ती घंटा तळ्यात विरघळवून टाकली. तळं मोरचुदाने निळंशार झालं, आणि राजा जो झोपला तो झोपलाच. वेशी उघडेनात, पेरण्या होईनात.

तळ्याकाठचा नीलकंठ पक्षी म्हणाला, "तीन कामं करा, शाप सुटेल. पहिलं, या भाजलेल्या मोरचुदाच्या पांढऱ्या भुकटीतून मोराचा रंग काढा."

राजाचा किमयागार विभांडक पुढे सरसावला. तीन दिवस त्याने मंत्र म्हटले, पण भुकटी ढिम्म! तेवढ्यात भिवरा लोहारीण बघायला वाकली, तिच्या कपाळावरचा घाम टपकला, आणि भुकटी निळी झाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. विभांडकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन पिढ्यांची विद्या आमची, आणि मान या भाता ओढणारीला?

"दुसरं," पक्षी म्हणाला, "पाण्यातलं तांबं परत आणा."

विभांडकाने सोन्याची सळई बुडवली, चांदीचं ताट बुडवलं. पाणी निळं ते निळंच. लोखंड त्याला सुचणार कसं? किमयागारांच्या घराण्यात लोखंडाला शिवायची चाल नव्हती. चुकून शिवलंच, तर आंघोळ! भिवरेने मात्र आपली एकुलती एक ऐरण ढकलत आणली नि पाण्यात लोटली. लोखंड विरत गेलं, निळं पाणी हिरवट पडलं, आणि तांब्याची लाल घंटा वर आली. ऐरण गेली ती गेलीच.

"आता खाशील काय, भिवरे?" विभांडकाने खवचटपणे विचारलं.

"राजा उठू दे, आचार्य. मग बघू."

या उत्तराने तो आणखीच जळला.

"तिसरं," पक्षी म्हणाला, "घंटा ज्याने काढली त्याचं खरं नाव याच पाण्याने लिहा."

"मला अक्षर येत नाही. तुम्हीच लिहा, आचार्य."

लोक सगळे घंटेभोवती होते. विभांडकाने त्या हिरव्या पाण्यात हिरड्याचा काढा ओतला. काळीभोर शाई झाली. त्याने बोरू बुडवला आणि ठसठशीत लिहिलं, 'विभांडक'.

भिवरेने अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. "अगं बाई! माझं नाव इतकं देखणं दिसतं होय?"

घंटा मात्र गप्पच. भिवरा कानकोंडी झाली. "माझ्या नावातच खोट असेल. तुमचं लिहून बघा ना, आचार्य. राजा उठल्याशी कारण."

विभांडकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खोट तुझ्यात नाही, बाई. हे नाव माझंच आहे."

त्याने ते पान टराटरा फाडलं आणि दुसऱ्यावर लिहिलं, 'भिवरा'.

घंटा घणाणली. वेशी उघडल्या. राजा डोळे चोळत उठला आणि म्हणाला, "कोणी उठवलं आम्हाला?"

विभांडकाने ते नाव भर दरबारात तीनदा वाचलं. मग नवी ऐरण स्वतःच्या खांद्यावर वाहून भिवरेच्या दारात नेऊन ठेवली.

आणि घरी जाऊन आंघोळ न करता जेवायला बसला.