राजकन्येची मूठ आणि पैलतीरचे मीठ

एका राज्यात सगळे काही पिकत होते, सगळे काही बनत होते, आणि तिथल्या राजाला याचीच भारी घमेंड होती. राजाचे नाव हिरण्यबाहू. त्याची माणसे एका दिवसात एक घोंगडी विणत आणि खाऱ्या तळ्यावर दोन दिवसांत पोतेभर मीठ पिकवत. नदीपलीकडची माणसे गरीब आणि हळू. त्यांना मिठाच्या पोत्याला तीन दिवस लागत, घोंगडीला तर सहा. म्हणून राजाचा हुकूम होता की पैलतीराला माल विकावा तो सोन्याच्या बदल्यात, आणि तिकडून काडीसुद्धा घेऊ नये. होता होता पैलतीरचे सगळे सोने राजाच्या तळघरात येऊन पडले, आणि मग विकत घ्यायला तिकडे कुणाकडे काही उरलेच नाही. राजाला वाटले, आपण जिंकलो.

राजाच्या लग्नात पैलतीरचा गारुडी भस्मकेत मिठाचे पोते घेऊन आहेराला आला. राजाने ते पायाने सारले. भस्मकेत रागावला नाही, पण शाप मात्र देऊन गेला. "राजा, तुझी मूठ आता मिटलीच राहील. तुला मूल होईल, त्याच्या दोन्ही मुठी मिटलेल्या असतील, आणि बाराव्या वाढदिवशी त्याचे काळीजही तसेच मिटेल. पैलतीराशी राजीखुशीने देवाणघेवाण करशील, तेव्हाच हात उघडेल."

तसेच झाले. राजाची उजवी मूठ तिथल्या तिथे मिटली. पुढे राजकन्या इंदुलेखा जन्मली ती दोन्ही मुठी मिटूनच. नखे तळव्यात रुतत, आणि पोर हूं की चूं करत नसे. राजाने वैद्य आणले, मांत्रिक आणले, पण नदीकडे पाठच ठेवली. मोठ्या माणसांचा हट्ट लेकरांना किती महागात पडतो, ते कसे सांगावे! बाराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मला एकदाच तुमचा हात धरायचा होता." तेव्हा कुठे राजा उठला.

नदीच्या मधोमध एक सपाट खडक होता. तिथली रीत अशी की एकाने माल मांडून वीस पावले मागे सरावे. दुसऱ्याने समोर आपला माल मांडून तेवढेच मागे जावे. दोघांना पसंत पडले तर उचलावे, नाहीतर सोडून जावे. उचलेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाही. खडकावर एक साळुंकी राहत असे, तिला मात्र बोलायची मुभा होती.

पहिल्या दिवशी राजाने सेवकांकरवी सोने मांडले. पैलतीरची माणसे आली, बघून परत गेली.

"सोने नको कुणाला?" राजाने विचारले.

"ते त्यांचेच आहे," साळुंकी म्हणाली. "आज नेतील, थंडी पडली की घोंगडीसाठी पुन्हा तुलाच आणून देतील. तू त्यांचे काही घेत नाहीस, मग ते त्यांच्याकडे टिकावे कसे?"

दुसऱ्या दिवशी राजाने घोंगड्या मांडल्या, आणि ऐट म्हणून शेजारी पांढरेशुभ्र मीठही मांडले. येसू नावाची एक म्हातारी स्वतःचे पोते डोक्यावर घेऊन आली होती. तिने ते खाली उतरवलेच नाही, तशीच माघारी वळली.

"तू मीठही मांडलेस," साळुंकी म्हणाली. "आता तिने काय मांडावे?"

राजा खजील झाला. तिसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, त्याने एक घोंगडी तेवढी ठेवली. येसूने समोर पोते ठेवले. मीठ काळपट होते. राजाची मान ताठली.

"याहून चांगले मीठ माझा माणूस दोन दिवसांत पिकवतो."

"तो दोन दिवस विणत बसला तर?" साळुंकीने विचारले.

"दोन घोंगड्या होतील."

"एक येसूला दे. पोते आले आणि एक घोंगडी उरली. येसूचे तीन दिवस गेले, घोंगडी विणायला सहा गेले असते. यात बुडाले कोण?"

राजाने डाव्या हाताच्या बोटांवर दिवस मोजले. "कुणीच नाही," तो म्हणाला. मग तो पुढे झाला, खाली वाकला आणि त्याने पोते मिठीत घेऊन उचलले. बारा वर्षांहून अधिक काळ मिटलेली बोटे एकेक करून सुटली.

येसूने घोंगडी पांघरली. "मीठ जरा काळं आहे, महाराज," ती म्हणाली, "पण खारट आहे."

पुढे नदीवर नाव सुरू झाली आणि तळघरातले सोने माणसांच्या हातांतून दोन्ही तीरांवर फिरू लागले. मीठ आता पैलतीराहून येई, म्हणून राजाच्या तळ्यावरच्या माणसांना विणायला बसावे लागले; त्यांना माग चालवायला शिकायला तीन वर्षे लागली. काहींना तो कधीच नीट जमला नाही, त्यांना राजाने जन्मभर पोसले. तेवढे त्याला करायलाच हवे होते.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी राजा धावत महालात आला तेव्हा इंदुलेखा खिडकीत उभी राहून स्वतःचे तळवे बघत होती. दोन्हींवर नखांच्या चार चार जखमा होत्या. राजाने तिचा हात हातात घेतला. त्याच्या हाताला मीठ लागलेले होते.

"बाबा, झोंबतंय."

"सोडू का?"

"नको," ती म्हणाली.