घारपुरे सरांचं फ्लायव्हील

खरं-खोटं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण गोष्ट अशी ऐकली. इंजिनिअरिंग कॉलेजातली निम्मी मुलं वर्ग सुटला की कामाला पळत. म्हणून वाघचौरे मॅडमनी गृहपाठ सैल केला: दहा ड्रॉइंगपैकी आवडतील ती तीन काढा, आठवडाभरात कधीही द्या.

विभागप्रमुख घारपुरे सर भर बैठकीत कडाडले, "हे लाड आजपासून बंद! माझ्या वर्गानं दहाच्या दहा दिलीत!" आणि त्यांनी शीटचा गठ्ठा आपटला.

मॅडमनी गठ्ठा चाळला. "सर, इंजिनाशेजारी सगळ्यांनी हा गोल काढलाय. कसला हो?"

"फ्लायव्हील! दुसरं काय?"

"मग या एकाच शीटवर तो तपकिरी कसा? जरा वास घ्या."

सरांनी हुंगलं. "आलं घातलंय," ते पुटपुटले.

"एकानं चहाचा कप ठेवला, सर. बाकीच्यांना वेळ कुठला? त्यांनी डागसुद्धा कंपासनं उतरवला."

बैठक खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली. सर लालबुंद झाले. "ठेवा चालू तुमचं ते तीन-तीन! पण तुमच्या मुलांच्या शीटवर डाग नसतात की काय?"

"असतात ना, सर. पण ज्याचे त्याचे."