पिवळ्याचं घरटं

शेतांवरून विजेच्या तारा नुकत्याच जाऊ लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर पिवळ्या नावाचा तरुण सुगरण पक्षी आपलं पहिलं घरटं विणत होता. समोरच्या तारेवर साळुंक्या आणि पोपट दिवसभर बसून असत.

एक साळुंकी म्हणाली, "वा! काय सुरेख विणलंय!" पिवळ्याला इतका आनंद झाला, की काडीगणिक तो तारेकडे बघू लागला. एक पोपट म्हणाला, "घरट्याचं तोंड फार लांब झालंय." पिवळ्यानं लगेच ते उसवलं. दुसरा म्हणाला, "आता आखूड दिसतंय." त्यानं पुन्हा विणलं. कुणी काहीच बोललं नाही, तर त्याला दाणाही गोड लागेना.

"अरे, किती वेळा उसवशील?" त्याचा बाप वैतागून म्हणाला. "त्या तारेवरच्यांना राहायचंय का त्यात?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं," पिवळ्या म्हणाला, तेही तारेकडे बघतच.

एके सकाळी चिमी नावाची सुगरण जोडीदाराचं घरटं पसंत करायला आली. तिनं आत शिरून घरटं न्याहाळलं आणि विचारलं, "उबदार आहे. तुला स्वतःला आवडतं का हे?"

पिवळ्यानं झटकन तारेकडे मान वळवली. तिथे पोपटांचं आपसात भांडण जुंपलं होतं. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चिमी थोडी थांबली आणि उडून गेली.

बापानं कपाळावर पंख मारून घेतला. "अरे गाढवा, तिनं तुला विचारलं होतं! आता मला तरी सांग. आवडतं का तुला?"

पिवळ्या घरट्याकडे खूप वेळ बघत राहिला. त्याला खरोखरच सांगता येईना.