पट्ट्यांखालची राजकन्या

फार जुनी गोष्ट. तेव्हा आरसा फक्त राजवाड्यात असे, आणि बाकीच्यांना आपलं तोंड कसं आहे ते शेजारीण सांगे.

त्या राज्यात एक रीत होती. लग्न ठरण्याआधी मुलीचं चित्र वराकडे जायचं. पुढे भर मांडवात ते चित्र मुलीशेजारी धरायचं. जुळलं नाही तर लग्न मोडलं, आणि चित्र काढणारा वेशीबाहेर!

राजकन्येचं चित्र काढायचं काम चितारणीकडे आलं. मुलगी होती तशी तिनं रंगवली. सावळी, हनुवटीवर तीळ. झालं! वाडाभर तोंडं सुटली. आजीला शालू हिरवा हवा, मावशीला जांभळा. "आणि नथ केवढीशी गं ही! राजाघरची शोभते का?" आत्या म्हणाली.

चितारीण वैतागली, पण डोकं होतं तिला. चौकटीला तिनं खाचा पाडल्या आणि चित्रावर सरकतील अशा पातळ रंगीत पट्ट्या केल्या. कुणी हिरव्या शालूची सरकवावी, कुणी टपोऱ्या नथीची.

"घ्या, बसा बदलत! माझं डोकं खाऊ नका."

बायका हरखल्या. तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "गोऱ्या चेहऱ्याची पट्टी नाही का गं?"

तिथंच नाही म्हणायचं. पण कौतुकाची चटक वाईट. चितारणीनं तीही केली. आत्यानं ती सरकवली आणि सगळ्या पट्ट्यांसकट चित्र रवाना केलं.

मांडवात वरमाय किंचाळली, "ही ती नव्हेच! फसवलंत!"

राजकन्येची मान खाली गेली. चितारणीला डोळ्यांसमोर वेस दिसू लागली.

नवरदेव मात्र हसत उठला. त्यानं चित्र घेतलं आणि एकेक पट्टी ओढून काढली. शालू गेला, नथ गेली, गोरा चेहरा गेला. तळाच्या फळीवर तीच सावळी, तिळाची मुलगी.

"मी पहिल्याच दिवशी सगळ्या पट्ट्या काढून पाहिल्या. हीच आवडली, म्हणून तर हो म्हटलं."

"मग आधी बोलायला तोंड नव्हतं का रे?"

"आई, तुला शालू-नथीच्या पट्ट्यांशी खेळण्यातून सवड होती का?"

मांडव खदखदून हसला. राजकन्येनं मान वर केली.

पुढे चितारणीनं अशी पुष्कळ चित्रं केली. शालूच्या, नथीच्या पट्ट्या मागाल तितक्या. चेहऱ्यासाठी मात्र खाच पाडली नाही. कुणी हट्ट धरलाच तर फटकारायची, "तोंड बदलायचं तर मुलगीच बदला, बाई!"

तेव्हा लहानथोरांनो, साज हवा तितका बदला, पण मूळ माणूस झाकेल अशी खाच पाडूच नका.